फाइंडरमध्ये दिसतंय पण टेलिस्कोपमध्ये काळोख! रोज अलाइन करूनही रोज बिघडतं त्याचं काय करायचं

आधी लक्षण सांगते, तुमचंही हेच असेल तर पुढे वाचा. फाइंडरमधून (नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) बघितलं की शनी बरोब्बर क्रॉसवर, म्हणजे मधल्या फुलीवर, आणि डोळा उचलून आयपीसला (मुख्य नळीचं डोळा लावायचं भिंग) लावला की काळोख. परत फाइंडर, परत क्रॉसवर, परत काळोख. अर्धा तास असं केल्यावर चुकून काहीतरी दिसतं, तुम्ही घरातल्यांना हाक मारता, ते जिना चढून येईपर्यंत ते पळालेलं असतं आणि सगळे तुमच्याकडे बघतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

मागच्या दिवाळीत मुलासाठी घेतला (म्हणजे नाव मुलाचं, हौस माझी). ११४ एमएमचा आरशाचा टेलिस्कोप, फोकल लेन्थ ९००, खाली तो वाकड्या मानेचा इक्वेटोरियल माउंट, सोबत २५ आणि १० एमएमचे आयपीस (आकडा लहान तितकं मोठं दिसतं, पण आकाशाचा तुकडा छोटा), एक बार्लो (आयपीसची पट वाढवणारं जोडभिंग) आणि छोटा फाइंडर. आम्ही ऐरोलीत राहतो, बिल्डिंग जुनी, गच्ची मोकळी आहे पण किल्ली सेक्रेटरी काकांकडे. यंदा ओळखीतल्या दोघांनी असेच टेलिस्कोप घेतले, एकजण घोडबंदर रोडला आणि एकजण खारघरला, आणि दोघांचे फोन सेम टू सेम, "अगं तुझ्याकडे पण असंच होतं का, पीस डिफेक्टिव्ह आलाय का". नाही आलेला. दहातल्या नऊ वेळा टेलिस्कोप ठीक असतो, जुळवायचा क्रम चुकलेला असतो.

माझी पहिली चूक सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. काही दिसेना म्हणून मी ऍलन की घेऊन पुढच्या छोट्या आरशाचे स्क्रू पिळले. कुठेतरी वाचलं होतं कॉलिमेशन (म्हणजे दोन्ही आरसे एकमेकांशी जुळलेले असणं) बिघडलं की दिसत नाही. ते अर्धवट खरं आहे, कॉलिमेशन बिघडलं तर चित्र धूसर येतं, तारा शेपटी फुटल्यासारखा दिसतो, पण वस्तू गायबच होत नाही. मी मात्र पिळत बसले आणि जे चांगलं होतं ते बिघडवलं. पुढे महिन्याभराने वांगणीला खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला गेलो होतो तिथे एका काकांनी तोंडी समजावलं की एखादा ठळक तारा मुद्दाम आउट ऑफ फोकस करायचा, गोल चकत्या दिसतात, मधला काळा ठिपका मध्यावर असेल तर हात लावायचा नाही, एका बाजूला सरकलेला असेल तर मागच्या मोठ्या आरशाचे स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरवायचे आणि प्रत्येक वेळी तारा परत मधोमध आणून बघायचं. तेव्हा कुठे ते सुधारलं. तर पहिल्या महिन्यात ऍलन की घरातल्या कुठल्यातरी डब्यात टाका आणि डबा विसरा.

आता खरा घोळ. फाइंडर मुख्य नळीला जुळवायचा असतो हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि मी तो जुळवलाही होता, रोज जुळवायचे. कशावर? तर समोरच्या विंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या आकाशकंदिलावर. छान लाल षटकोनी कंदील, खाली झिरमिळ्या, आयपीसमध्ये झिरमिळीचा कागद कुठे फाटलाय ते पण दिसायचं, उलटं. फाइंडरचा क्रॉस त्यावर आणायचा, स्क्रू आवळायचे, खूश. मग वर वळवून चंद्र बघितला तर चंद्राचा एक तुकडाच कडेला दिसायचा आणि मी समजायचे ठीक आहे थोडं इकडेतिकडे. शनी मात्र कधीच नाही.

आता हिशोब बघा, कंटाळवाणा वाटला तरी बघा, कारण इथेच सगळं आहे. फाइंडर नळीच्या मध्यापासून साधारण १२-१३ सेंटीमीटर बाजूला बसतो. कंदील वीस मीटरवर. दोन्ही नळ्या त्याच कंदिलावर रोखल्या म्हणजे त्या एकमेकींकडे किंचित तिरक्या झाल्या, तो तिरकेपणा साधारण ०.३६ अंश. ऐकायला काहीच नाही. पण १० च्या आयपीसमधून आपल्याला आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दिसतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ०.२७. मग शनी फाइंडरच्या क्रॉसवर असला की तो आयपीसच्या बाहेरच असणार, दरवेळी, हमखास! चंद्रच अर्ध्या अंशाचा असल्यामुळे त्याचा तुकडा तरी घुसतो, म्हणून मला वाटत राहिलं की जुळलंय. हेच दोन किलोमीटरवरच्या वस्तूवर जुळवलं तर तो फरक शंभर पटीने कमी होतो, विसरून जा इतका.

तर करायचं असं. दिवसाउजेडी करा. रात्री अंधारात स्क्रू शोधत बसू नका. संध्याकाळी पाच-साडेपाचला, ऊन पाठीमागे ठेवून, पूर्वेकडे तोंड करून लांबची वस्तू बघा. ऐरोली-रबाळे-घणसोलीवाल्यांना पारसिकचे डोंगर आहेतच, त्यावरच्या एखाद्या टॉवरचं टोक धरा, ठाण्यातून येऊरच्या बाजूचं झाड धरायचं असेल तर मात्र सकाळी करा कारण संध्याकाळी सूर्य तिकडेच असतो. आणि हे एकदाच पण ठासून सांगते: सूर्याच्या आसपास नळी किंवा फाइंडर चुकूनही वळवायचा नाही, फाइंडरमधून एक क्षण बघितलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. पोरं आजूबाजूला असतील तर टेलिस्कोप एकटा सोडून चहा आणायला पण जायचं नाही, दोन्ही झाकणं लावून मगच.

२५ चा आयपीस लावा, १० चा नाही आणि बार्लो तर बिलकुल नाही. फाइंडरकडे बघूच नका आत्ता. नळीच्या बाजूने बंदुकीसारखी नजर लावून अंदाजे टॉवरकडे वळवा आणि आयपीसमध्ये बघत हळूहळू हलवा, फोकस साफ चुकलेला असेल तर टॉवर समोर असूनही नुसता राखाडी उजेड दिसतो, तेव्हा फोकसचा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून बघा. टॉवर सापडला की टोक मधोमध आणा, माउंटचे दोन्ही लॉक आवळा, आवळल्यावर परत बघा (आवळताना हमखास सरकतं). मग, आणि मगच, फाइंडरचे स्क्रू फिरवून क्रॉस त्या टोकावर आणा. माझ्या फाइंडरला दोन स्क्रू आणि एक स्प्रिंग आहे, क्रॉस भलत्याच दिशेला पळतो कारण चित्र उलटं, दोन मिनिटांत हाताला सवय होते. आता १० चा लावा, टोक परत मध्यावर घ्या, फाइंडर परत जुळवा. झालं. रात्री चंद्रावर किंवा ठळक ताऱ्यावर एकदा खात्री करा. रेड डॉटवाला फाइंडर असेल तरी हेच, फक्त झाल्यावर त्याचा स्विच बंद करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बटण सेल मेलेला मिळतो आणि तो सेल नेमका रविवारी रात्री संपतो.

एवढं करूनही दुसऱ्या दिवशी बिघडलेलं सापडतं? मग फाइंडरचा पाय बघा. नळीवर ज्या खाचेत तो सरकवून बसवतात तिथे एक छोटा स्क्रू असतो. मी रोज रात्री फाइंडर काढून खोक्यात ठेवायचे, व्यवस्थितपणा अंगात मुरलेला, आणि रोज बसवताना तो मिलिमीटरभर वेगळा बसायचा. आता काढतच नाही, नळीसकट चादर घालते. काढावाच लागत असेल तर खाचेच्या टोकाला टेकेपर्यंत सरकवा आणि तिथे मार्करने खूण करा. शिवाय जिना चढताना नळी फाइंडरला धरून उचलायची नाही, हे मी नवऱ्याला चार वेळा सांगितलंय, पाचव्यांदा इथे लिहितेय.

आता दुसरी तक्रार, "दिसलं पण पळालं". ह्यात बिघाड काहीच नाही, पृथ्वी फिरतेय. तासाला १५ अंश म्हणजे चार मिनिटाला एक अंश, १० च्या आयपीसमध्ये मध्यावर आणलेला शनी साधारण मिनिटभरात कडेला. वाकड्या मानेचा माउंट नेमका ह्यासाठीच असतो, त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावला की एकच नॉब हळूहळू फिरवत राहिलं तरी वस्तू समोर राहते. हे समांतर लावणं म्हणजे पोलर अलाइनमेंट, आणि इथे नवीन माणूस हाय खातो कारण पुस्तिका सांगते ध्रुव ताऱ्याकडे रोखा.

कुठला ध्रुव? ध्रुव क्षितिजापासून तुमच्या अक्षांशाइतकाच वर असतो, ठाणे-नवी मुंबईत म्हणजे १९ अंश. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ साधारण दहा अंश, म्हणजे दोन मुठीसुद्धा पूर्ण नाहीत. एवढ्या खाली आपल्याकडे काय असतं, धुरकट नारिंगी उजेड आणि कोणाचा तरी टॉवर. माझ्या गच्चीवरून उत्तर म्हणजे दिघा-कळव्याची बाजू, ध्रुव वर्षभरात मोजून चार-पाच वेळा दिसला, तोही शर्मिष्ठेवरून अंदाज घेत घेत. तो काही फार तेजस्वी ताराही नाही, सगळ्यांना उगीच वाटतं ध्रुव म्हणजे सगळ्यात ठळक, आमचे सेक्रेटरी काका तर ब्रह्महृदयाला ध्रुव म्हणतात आणि मी वाद घालत नाही कारण किल्ली त्यांच्याकडे आहे.

तर ध्रुव सोडून द्या, त्याच्याशिवाय जमतं. दोनच गोष्टी हव्यात, उंची १९ आणि दिशा उत्तर.

उंचीसाठी आधी ट्रायपॉड सपाट करा, पाणसळ ठेवून बघा, नसेल तर फोनमधली लेव्हल. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो हे लक्षात ठेवा, डोळ्याला सपाट वाटते पण नसते. माउंटच्या बाजूला अंशांची पट्टी असते तिच्यावर १९ लावा पण विश्वास ठेवू नका, माझ्या पट्टीवर १९ लावलं की प्रत्यक्षात २३ यायचे. त्यापेक्षा नळी माउंटच्या अक्षाला समांतर करा, म्हणजे डेक्लिनेशनच्या चकतीवर (माउंटवरची नळीजवळची अंशांची चकती) ९०, आणि फोन नळीच्या पाठीवर लांबीने ठेवून अँगल वाचा. तिथे १९ आलं पाहिजे. एकदा आलं की तो स्क्रू घट्ट आवळून टाका, तुम्ही घर बदलून नाशिकला जाईपर्यंत त्याला हात लावायचं कारण नाही, आणि नाशिकला गेलात तरी एखाद्या अंशाचाच फरक.

दिशेसाठी सगळे फोनचा कंपास काढतात. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर ह्यात एक अंशाचाही फरक नाही, त्या बाबतीत आपण नशीबवान, पण गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया, टाकीची लोखंडी शिडी, शिवाय टेलिस्कोपचं काउंटरवेट (नळीचा तोल सांभाळणारं लोखंडी वजन). माझा फोन गच्चीच्या एका कोपऱ्यात आणि दुसऱ्या कोपऱ्यात मिळून वीसेक अंश वेगळी उत्तर दाखवायचा. म्हणून मी सावलीवरून काढली. कालनिर्णय उघडा, त्या दिवसाचा सूर्योदय आणि सूर्यास्त बघा, दोन्हींचा मध्य काढा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला समजा सूर्योदय ६:४० आणि सूर्यास्त संध्याकाळी ६:०४, तर मध्य दुपारी १२:२२. त्या मिनिटाला ओळंब्याची सावली दक्षिणोत्तर पडते. घड्याळातले बारा नाही हं, आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७३ वर, म्हणून आपली खरी मध्यान्ह सरासरी १२:३८ ला होते आणि वर्षभरात त्याच्या पुढेमागे पंधराएक मिनिटं सरकत असते.

ओळंबा म्हणजे गवंड्याचाच हवा असं नाही. मी दोरीला कुलूप बांधलं, टाकीच्या पाइपला लटकवलं, १२:२२ चा अलार्म लावला आणि अलार्म वाजला तेव्हा सावलीच्या दोन टोकांना खडूने टिंबं केली, पट्टीने रेघ मारली. मुलगा बाजूला उभा राहून "आई लोक बघतायत" म्हणत होता. बघू देत. नंतर सेक्रेटरी काकांना विचारून त्या रेघेवर आणि ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागी ऑइल पेंटचे छोटे ठिपके दिले, आता रोज तीन पाय तीन ठिपक्यांवर ठेवले की पोलर अलाइनमेंट झालेली असते, अर्धं मिनिट. फक्त हे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत करू नका, तेव्हा दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, सावली एवढीशी आणि उलट बाजूला पडते, आणि तसंही जून-जुलैत सूर्य दिसतोय कुठे.

ह्यात दोन-तीन अंशांची चूक राहिली तर? राहू दे. फोटो काढायचे असतील तर ती चालणार नाही, पण नुसतं बघायला तीन अंश चूक असली तरी एकाच नॉबवर वस्तू वीसेक मिनिटं आयपीसमध्ये राहते, मग दुसरा नॉब जरासा. तेवढ्यात शेजारच्या आजींसकट अख्ख्या मजल्याचं बघून होतं.

एक गोष्ट पुस्तिकेत नव्हती आणि तिने मला आठवडाभर छळलं. तिथली चित्रं चाळीस-पन्नास अंशांवर राहणाऱ्या लोकांसाठी काढलेली असतात. आपण १९ वर लावलं की अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि काउंटरवेटचा दांडा खाली फिरताना उत्तरेकडच्या पायाला आपटतो. ठक्क! मला वाटायचं गिअर अडकला, मी जोर लावायचे. जोर लावू नका. मी ट्रायपॉड फिरवून उत्तर दोन पायांच्या मधे घेतली आणि पुढे कलू नये म्हणून मधल्या ट्रेखाली पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगला. वस्तू दाखवण्याआधी दोन्ही लॉक सैल करून नळी सगळीकडे एकदा फिरवून बघा, कुठे आपटत नाही ना आणि सोडल्यावर स्वतःहून झुकत नाही ना. झुकत असेल तर काउंटरवेट सरकवा, आणि हा बॅलन्स फाइंडर आणि आयपीस लावलेले असतानाच करा.

कॅन टांगल्याने थरथर पण कमी झाली. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका, खुर्चीवर बसून बघा, पायांखाली जुन्या हवाई चपलेचे तुकडे. फोकसला हात लावला की चित्र तीन-चार सेकंद नाचतंच, हात काढून थांबायचं. आणि चित्र थरथरत नाही पण पाण्याखाली असल्यासारखं उकळतंय असं वाटलं तर ती गच्ची आहे, चायना चिप्सखालचा (गच्चीवरच्या फरशीच्या तुकड्यांखालचा) स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री दहापर्यंत ऊन परत देत बसतो. एसीच्या खोलीतून नळी एकदम बाहेर आणली तर आरशावर दव धरतं, ते पुसायचं नाही, अर्धा तास तसंच ठेवायचं, आपोआप उडतं. खोक्यावर ६७५ पट लिहिलंय ते विसरा, ४ चा आयपीस आणि ३ पट बार्लोचा कागदावरचा गुणाकार आहे तो, ११४ एमएमला सव्वादोनशेच्या वर काही मिळत नाही आणि आपल्या हवेत बहुतेक रात्री ९० पटीलाच, म्हणजे १० च्या आयपीसलाच, समाधान मानायचं.

खारघरवाल्या मित्राचा मोटरवाला गोटू होता (रिमोटवर नाव सांगितलं की टेलिस्कोप स्वतः त्या वस्तूकडे वळतो), त्याची कथा वेगळी. तो म्हणे शनी सांगितला की जमिनीकडे वळतो. त्याच्या सिनस्कॅनच्या रिमोटवर तारीख महिना आधी अशी घ्यायची होती, ह्याने आपल्या पद्धतीने दिवस आधी टाकला, म्हणजे ५ नोव्हेंबरचा ११ मे झाला! टाइम झोन +५:३०, डेलाइट सेव्हिंग नो, रेखांश पूर्व. आणि फोन १९.०५ असे दशांशात अक्षांश दाखवतो, रिमोटला अंश आणि मिनिटं हवी असतात, .०५ म्हणजे ३ मिनिटं, ५ नाही. हे सगळं सुधारल्यावरही चुकत होता कारण रिमोट तारे इंग्रजी नावांनी विचारतो आणि ह्याने अंदाजे कुठलाही ठळक तारा पकडून ओके दाबलं. व्हेगा म्हणजे अभिजित, कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय, आल्डेबरान म्हणजे रोहिणी, स्टेलॅरियम (आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप) उघडून आधी ओळखून घ्या, दोन तारे एकमेकांपासून लांब निवडा, आणि बॅटरीचे सेल मेलेले असले तरी तो असाच वेड्यासारखा फिरतो.

आवरताना: आयपीस काढल्यावर फोकसरच्या भोकाला टोपण लावा, धूळ तिथूनच जाते. दव धरलेलं असेल तर पुढचं झाकण लगेच लावू नका, घरात आणून पंख्याखाली सुकू द्या, मग झाकण. पावसाळ्यात आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात, पुड्या दर महिन्याला बदलायच्या, माझ्या २५ च्या आयपीसवर ऑगस्टमध्ये कडेला बुरशीचा एक जाळीदार ठिपका आलाच, अजून आहे, बघताना दिसत नाही पण मला माहितीये तो आहे. समोरच्या विंगमधला कंदील यंदा निळा आहे.